हवेच्या मापाची पारख

सकाळच्या उन्हाचा कवडसा माजघरात उतरला म्हणजे त्यात अगणित कण तरंगताना दिसतात. कवडशाबाहेरची हवा मात्र निर्मळ भासते. वस्तुतः तीही तितकीच भरलेली असते. तिच्यावर प्रकाश पडलेला नसतो, इतकेच. प्राचीनांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोन्यारुप्याच्या वजनांची जी मालिका दिली आहे, तिचा आरंभ जाळीतून आलेल्या सूर्यकिरणांत दिसणाऱ्या अशाच एका कणापासून होतो. त्याला तेथे त्रसरेणू म्हटले आहे. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा आणि तीन लिक्षांचा एक राजसर्षप, म्हणजे मोहरीचा एक दाणा, असा तो हिशेब आहे. जे केवळ प्रकाशात दिसते त्याला वजनाच्या मापात बसविण्याचा तो प्रयत्न होता. चोवीस त्रसरेणूंची मोहरी होते, हे कोणी तागडीत घालून ताडून पाहिले असेल, असे मात्र वाटत नाही.

आजच्या दिल्लीत, लखनौत किंवा पाटण्यात तोच कवडसा मुठीत मावणाऱ्या एका डबीत बसविलेला आढळतो. डबीच्या दर्शनी भागावर एक आकडा झळकत असतो. एका घनमीटर हवेत अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांचे वजन इतके मायक्रोग्रॅम आहे, असा त्या आकड्याचा अर्थ. अडीच मायक्रॉन म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचविसावा हिस्सा. असले कण नाकाच्या आणि घशाच्या गाळणीत अडकत नाहीत; ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. भारताने २००९ साली ठरविलेल्या मानकांनुसार त्यांची चोवीस तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये आणि वर्षाची सरासरी ४० च्या आत राहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेल्या मर्यादा याहून पुष्कळच कडक आहेत. त्या अनुक्रमे १५ आणि ५ इतक्या आहेत.

हवा अखंड मोजणारे पूर्ण सुसज्ज सरकारी केंद्र उभारावयाचे तर खर्च कोटी रुपयांच्या घरात जातो, आणि त्याची निगा राखण्याचा खर्च त्याहून निराळा. साहजिकच अशी केंद्रे मोठ्या शहरांत एकवटली आहेत आणि तालुक्यांच्या गावांच्या वाट्याला ती क्वचितच येतात. डबीची किंमत मात्र काही हजार रुपये. दिल्लीत वाहने केव्हा थांबवावयाची आणि शाळा केव्हा बंद करावयाच्या, हे २०१७ साली अधिसूचित झालेल्या टप्प्याटप्प्याच्या कृतियोजनेनुसार ठरते आणि त्यासाठी सरकारी केंद्रांचेच आकडे घेतले जातात. परंतु सकाळी मुलांना मैदानावर सोडावे की वर्गात बसवावे, हे ठरविणारी मुख्याध्यापिका आणि फिरावयास जावे की न जावे, या विचारात पडलेला दम्याचा रुग्ण जवळच्या डबीकडेच पाहतो. डबीने कमी आकडा दाखविला तर मुले धुरात धावतात. जास्त दाखविला तर घबराट होते, आणि पुढे तो आकडा खोटा होता असे कळले म्हणजे खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो. या दोहोंतली दुसरी हानी अधिक काळ टिकते.

बाजारातल्या तागडीच्या बाबतीत हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर आणि छटाक जाऊन किलोग्रॅम आला, आणि दुकानातले वजन ठराविक मुदतीने निरीक्षकापुढे ठेवून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, हा प्रघात २००९ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवला. वजन हातात घेऊन कोणीही तो शिक्का पाहू शकतो. घरी आणलेल्या हवेच्या मापकावर असा कोणताच शिक्का नसतो. उत्पादकाने खोक्यावर जे छापले असेल तेच प्रमाण. तेव्हा या मापकाची पारख करावयाची ती कशी, आणि मुळात कशाशी ताडून?

सगळ्या पारखीच्या तळाशी अखेर तागडीच आहे. संदर्भपद्धतीत एक पंप ताशी एक घनमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १६.७ लिटर, या ठरीव वेगाने हवा ओढतो. वाटेत जाडे कण वळणावर वेगळे पडतात आणि उरलेले बारीक कण एका पातळ गाळणपटावर साचतात. हा पट हवा ओढण्यापूर्वी आणि नंतर अशा दोन्ही वेळी ठराविक तापमानाच्या व ठराविक आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मग तोलावयाचा असतो. दिवसभरात २४ घनमीटर हवा त्यातून जाते. हवेत कणांचे प्रमाण भारतीय मर्यादेइतके, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, असेल तर पटाचे वजन वाढते ते १.४४ मिलिग्रॅमने, तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एवढा फरक पकडावयाचा म्हणजे तुला किती हळवी आणि हात किती स्वच्छ असले पाहिजेत, हे सांगावयास नको. शिवाय उत्तर मिळते ते दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने. मुलांना मैदानावर सोडण्याच्या प्रश्नाला ते कामाचे नाही.

म्हणून केंद्रांतून दुसरे एक यंत्र चालते. त्यात कागदी फितीवर कण जमतात आणि कार्बन-१४ पासून निघणारे बीटा किरण त्या थरातून पलीकडे किती जातात, यावरून थराचे वजन काढले जाते. थर जाड तितके किरण क्षीण, हा साधा न्याय. हे यंत्र तासातासाला आकडा देते आणि सरकारी केंद्रांवरचा आकडा बहुधा त्याचाच असतो. परंतु कसोटीचा दगडही झिजतो. हवा कोरडी करण्यासाठी या यंत्राच्या नळीला ऊब दिलेली असते आणि त्या उबेत अमोनियम नायट्रेटसारखे उडून जाणारे क्षार काही अंशी निसटतात. स्वच्छ हवेत फितीवर जमणारा थर इतका पातळ असतो की, एकेका तासाच्या आकड्याला थोडा कंप असतोच. स्वस्त यंत्राला दोष देण्यापूर्वी महाग यंत्राचे हे दोष बाजूला काढून ठेवावे लागतात. पुष्कळ घाईच्या चाचण्यांत तेवढेच राहून जाते.

डबीत यांपैकी काहीच नाही. बोटाच्या पेराएवढा पंखा हवा आत ओढतो, लाल लेझरचा एक बारीक किरण त्या हवेतून आडवा जातो आणि किरणाशी काटकोनात बसविलेला प्रकाशग्राही कणांवरून उसळलेला उजेड टिपतो. डबी वजन करीतच नाही. ती कवडसा पाहते आणि वजनाचा अंदाज सांगते. उजेडापासून वजनापर्यंत जाण्यासाठी तिला कणाचा आकार, त्याची घनता आणि त्याचा रंग गृहीत धरावा लागतो, आणि ही गृहीते कारखान्यातल्या धुरावर बसविलेली असतात. अडीच मायक्रॉनचा एक कण अर्ध्या मायक्रॉनच्या सव्वाशे कणांइतका जड असतो, कारण वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्याने उधळलेला उजेड मात्र त्या हिशेबाने वाढत नाही. काजळीचा काळा कण उजेड गिळतो, क्षाराचा पांढरा कण तो उधळतो. दोन्हींचे वजन एकच असले तरी डबीच्या लेखी ते निरनिराळे. सुमारे ०.३ मायक्रॉनहून लहान कण तर तिला धडपणे दिसतच नाहीत.

पारखीची मुख्य रीत म्हणजे शेजार. केंद्राच्या गच्चीवर, संदर्भयंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडाजवळ, त्याच उंचीवर डब्या टांगावयाच्या आणि काही आठवडे दोहोंचे आकडे समोरासमोर मांडावयाचे. डबी एक असून भागत नाही. एकाच कारखान्याच्या एकाच खेपेतल्या निदान तीन तरी हव्यात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-नियमन मंडळाने २०१४ साली अशा यंत्रांच्या परीक्षेसाठी एक केंद्रच स्थापन केले. तेथे प्रत्येक बनावटीची तीन यंत्रे प्रथम सुमारे दोन महिने उघड्यावर ठेवली जातात आणि त्यांतून जी बरी ठरतील ती पुढे तापमान व आर्द्रता हवी तशी बदलता येईल अशा बंद पेटीत तपासली जातात. निकाल सर्वांना पाहावयास खुले असतात. तिन्ही यंत्रे आपसात जुळली पण संदर्भाशी जुळली नाहीत, तर दोष समजावयास आणि सुधारावयास सोपा. तिघांची तीन तोंडे असतील, तर मात्र सुधारणेचा मार्गच खुंटतो.

अशा चाचणीचा निकाल बहुधा एका आकड्यात सांगितला जातो आणि तेथेच फसगत होते. सहसंबंध ०.९५ आहे, असे जाहिरातीत म्हटलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, यंत्र पंचाण्णव टक्के अचूक आहे. कल्पनेने एक उदाहरण घ्यावे. केंद्राने तीन दिवस अनुक्रमे ४०, ८० आणि १२० असे आकडे दिले आणि डबीने ७०, १४० आणि २१०. येथे सहसंबंध परिपूर्ण आहे, एकाला जराही कमी नाही. तरी डबी रोज पावणेदोनपट बोलते आहे. वीस मिनिटे पुढे असलेले घड्याळ सूर्याबरोबर चोख चालते, पण त्याच्या भरवशावर स्टेशनावर जाणाऱ्याला गाडीची वाट पाहत बसावे लागते. सहसंबंध एवढेच सांगतो की, हवा बिघडली म्हणजे डबीचा आकडाही चढतो. किती बिघडली, हे कळावयास रेषेचा उतार, आरंभीची तूट आणि सरासरी चूक या तीन गोष्टी निरनिराळ्या पाहाव्या लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२१ साली सूक्ष्म कणांच्या संवेदकांसाठी जी उद्दिष्टे सुचविली, त्यांत हे सारे वेगवेगळे मांडले आहे. उतार ०.६५ ते १.३५ यांच्या दरम्यान असावा, तूट पाच मायक्रोग्रॅमच्या आत असावी, सहसंबंधाचा वर्ग निदान ०.७० असावा आणि सरासरी चूक सात मायक्रोग्रॅमच्या किंवा तीस टक्क्यांच्या आत असावी. हे सर्व चोवीस तासांच्या सरासरीवर, निरनिराळ्या हवामानाच्या दोन ठिकाणी, प्रत्येकी निदान तीस दिवस तपासून ठरवावयाचे. हा कायदा नव्हे, ही शिफारस आहे. आणि तीही माहितीसाठी वापरावयाच्या यंत्रांपुरती, नियम अंमलात आणणाऱ्या यंत्रांसाठी नव्हे. पस्तीस टक्के इकडेतिकडे ही सूट सोनाराच्या काट्याला कोणी देणार नाही.

सहसंबंधाचा आणखी एक चकवा आहे. तो यंत्राइतकाच हवेवरही अवलंबून असतो. पंधरा मायक्रोग्रॅमची चूक करणारे यंत्र जेथे हवा तीसपासून तीनशेपर्यंत चढउतरते, अशा शहरात टांगले तर रेषा सुरेख दिसते. तेच यंत्र पाचपासून पंचवीसपर्यंत हलणाऱ्या स्वच्छ डोंगरी गावात नेले, तर नुसता गोंधळ दिसतो. यंत्र तेच, चूक तीच. यामुळे गलिच्छ हवेच्या शहरात घेतलेले प्रमाणपत्र स्वच्छ गावी चालत नाही, आणि उलटही तितकेच खरे. उत्तर कॅरोलिनातल्या विरळ हवेत आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात एकाच बनावटीचे संवेदक ठेवून झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, कणांचे प्रमाण सुमारे १२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले म्हणजे संवेदकाची सरळ रेषा वाकू लागते आणि तिला वक्ररेषेचे समीकरण लावावे लागते. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्याचे पुष्कळ दिवस या १२५ च्या पलीकडचेच असतात. ज्या देशांत तितकी हवा कधी बिघडतच नाही, तेथल्या चाचणीत हे वाकणे दिसावयाचे तरी कोठून?

या साऱ्यांत अधिक दगा देणारी गोष्ट म्हणजे पाणी. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. हवेची आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. हवेत तरंगणारे क्षारांचे कणही हेच करतात. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण सुमारे ऐंशी टक्के आर्द्रतेला एकाएकी पाण्याचा थेंब बनतो आणि पुढे आर्द्रतेबरोबर फुगत जातो. नव्वद टक्क्यांना फुगलेला कण कोरड्या कणाच्या दुपटी-तिपटीने उजेड उधळू शकतो. हवेत धूर तोच, क्षार तेवढाच. डबीचा आकडा मात्र चढलेला. दिल्लीची हिवाळी पहाट म्हणजे तर या संकटाचा कळस. आर्द्रता शंभराला टेकलेली, हवेत क्षारांची रेलचेल आणि त्यावर धुके. धुक्याचा प्रत्येक थेंब डबीला कणच वाटतो. दहा वाजता ऊन वर आले की आकडा झपाट्याने उतरतो. त्यातला किती उतार खरोखर धूर वर उठल्याचा आणि किती केवळ पाणी सुकल्याचा, हे डबी सांगू शकत नाही. गाळणपट कोरड्या खोलीत तोलला जातो, बीटा-यंत्राची नळी तापविलेली असते. डबीला अशी ऊब परवडत नाही.

येथे एक शंका काढली जाते आणि ती अगदी वावगी नाही. फुगलेला कण जसाच्या तसा माणसाच्या श्वासात जातो, मग डबी खोटे ते काय सांगते? उत्तर एवढेच की, मानकांतले साठ आणि चाळीस हे आकडे कोरड्या कणांचे आहेत आणि रोगराईशी त्यांचे जे नाते शोधले गेले तेही कोरड्या वजनाचेच. पाणी मिसळलेले दूध पिता येते. पण त्याचा भाव दुधाच्या मापाने लावीत नाहीत.

आर्द्रतेची चूक काढून टाकण्यासाठी सूत्रे असतात. अमेरिकेत घरोघरी लागलेल्या एका बनावटीच्या संवेदकांसाठी तेथल्या पर्यावरण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सोळा राज्यांतल्या शेजार-चाचण्यांवरून एक सूत्र बसविले आणि ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. संवेदकाच्या आकड्याला ०.५२४ ने गुणावे, त्यातून आर्द्रतेच्या टक्क्यांची ०.०८६२ पट वजा करावी आणि ५.७५ मिळवावे, असे ते सूत्र. डबीने १०० दाखविले आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर दुरुस्त आकडा येतो सुमारे ५१. म्हणजे जवळजवळ निम्मा. वणव्यांच्या काळात धूर कोठे पसरला, हे सांगणाऱ्या तेथल्या सरकारी नकाशावर हे संवेदक घेतले गेले ते अशा दुरुस्तीनंतरच. सूत्र साधे आणि कामाचे आहे. परंतु ते उचलून थेट दिल्लीस लावले तर काय होईल? आर्द्रता ९५ टक्के असली तरी हे सूत्र तिच्यापोटी आठच्या आसपास मायक्रोग्रॅम वजा करते, मग डबीचा आकडा पन्नास असो की पाचशे. कण फुगण्याची क्रिया मात्र पटीने चालते. पाचशेच्या आकड्यात पाण्याचा वाटा शेकड्यांनी असू शकतो, तेथे आठाची वजाबाकी ती काय पुरणार? ज्या हवेत सूत्र जन्मले त्या हवेतच ते खरे.

पाण्याने आकडा फुगतो, तर धुळीने तो दबतो. मे महिन्यात राजस्थानाकडून येणारी आँधी दिल्लीवर कोसळते तेव्हा समोरची इमारत दिसेनाशी होते, दातांखाली रेती करकरते, आणि स्वस्त डबी पुष्कळदा मख्ख असते. धुळीचे कण जाड. डबीच्या नागमोडी वाटेत ते भिंतींवर आपटून राहतात आणि जे लेझरपर्यंत पोहोचतात त्यांचा उजेड त्यांच्या वजनाच्या मानाने थोडा असतो. बऱ्याच डब्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचाही आकडा देतात. तो बहुतांशी बारीक कणांवरून केलेला कयास असतो, हे घेणाऱ्याला सांगितलेले नसते. बांधकामाची धूळ किंवा रस्त्याची माती मोजण्यासाठी अशा डब्या घेणाऱ्या नगरपालिकेने पैसे वाया घालविले, असे म्हणावे लागेल.

अलीकडे दुरुस्तीचे काम साध्या सूत्रांऐवजी संगणकाच्या शिकाऊ पद्धतींकडे सोपविले जाते. डबीचे आकडे, तापमान, आर्द्रता, दिवसाची वेळ हे सारे त्यात घालावयाचे आणि केंद्राचा आकडा काय येईल, हे त्याने शिकावयाचे. चूक खरोखरच कमी होते. पण शिकविताना जवळच्या केंद्राचा आकडाच त्यात घातला असेल, तर संगणक हळूहळू डबीकडे पाहणे सोडून केंद्राचीच नक्कल करू लागतो. पोपट चोख बोलतो. शेजारच्या गल्लीत कचरा पेटला तर त्याला ते कळत नाही. म्हणून परीक्षा घ्यावयाची ती शिकविण्यात न वापरलेल्या केंद्रावर आणि न पाहिलेल्या ऋतूत. मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही दप्तरी जपून ठेवावेत, हेही ओघानेच आले. नाहीतर पुढे कोणालाच काही ताडून पाहता येणार नाही.

हातात किंवा पट्ट्याला लावून फिरविण्याच्या यंत्रांची परीक्षा याहून अवघड. गच्चीवर टांगलेली डबी निदान एका जागी असते. फिरती डबी थंड गल्लीतून तापलेल्या बसमध्ये आणि तेथून फोडणीच्या खमंग धुरात जाते. प्रत्येक ठिकाणी कण निराळे, वारा निराळा, आणि पंख्याच्या तोंडावर कधी पदर तर कधी बोट. बिहारमधल्या एखाद्या खेड्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासात रोज किती धूर जातो, हे जाणून घ्यावयाचे तर कारखान्यातल्या धुरावर बसविलेला आकडा उपयोगी नाही. गोवऱ्यांच्या आणि लाकडाच्या धुराचा कण वेगळा. तेथे जाणते संशोधक संवेदकाबरोबर एक लहानसा पंप आणि गाळणपटही देतात. दिवसअखेर पट तोलावयाचा, त्या दिवसाच्या सरासरीवर संवेदकाचे आकडे बसवावयाचे आणि मग कोणत्या घटकेला धूर किती होता, हे संवेदकाकडून ऐकावयाचे. वजन तागडीने सांगावे आणि वेळ डबीने, अशी ही कामाची वाटणी आहे.

वायू मोजणाऱ्या स्वस्त संवेदकांची कथा स्वतंत्र आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ते बरे चालतात. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांची मात्र ते एकमेकांशी गल्लत करतात आणि तापमान बदलले की आपले शून्यच विसरतात.

मुंबईत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात अशी पारख मोठ्या प्रमाणावर केली. चार भारतीय उद्योगांनी बनविलेले चाळीस संवेदक मंडळाच्या पंधरा केंद्रांशेजारी ठेवले गेले. देशी यंत्रे, देशी हवा आणि एकाच वेळी अनेक केंद्रे, या तिन्ही दृष्टींनी हा प्रयोग मोलाचा होता. ज्या महिन्यांत मुंबईत मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते चार महिने मात्र त्या मुदतीत नव्हते. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहार येथील ग्रामीण भागातही गटागटांतून संवेदक बसविण्याचे काम कानपूरच्याच संस्थेने हाती घेतले. ज्या खेड्यांची हवा तोवर कोणी मोजलीच नव्हती तेथे ३० टक्के चुकीचा आकडाही पुष्कळ काही सांगतो. भात कापल्यानंतर शेते पेटतात तेव्हा धूर कोठून कोठे सरकला, कोणत्या गावी रात्री किती वाजता आकडा चढला, एवढे कळावयास अचूक वजनाची गरज नसते. तोच आकडा हवेच्या गुणवत्तेची पायरी ठरविण्यास वापरला, तर मात्र अडचण येते. भारतीय निर्देशांकात ९१ ते १२० मायक्रोग्रॅम ही 'वाईट' हवा आणि १२१ च्या पुढची 'अतिशय वाईट'. खरी हवा ११० असताना डबीची केवळ पंधरा टक्क्यांची चूक तिला या पायरीवरून त्या पायरीवर नेऊन बसविते.

यंत्रांच्या खरेदीचे कागद तयार होतात तेव्हा निविदेत डबीची किंमत असते, संख्या असते, हमीची मुदत असते; शेजार-चाचणीचे दिवस आणि गाळणपटांचा खर्च बहुधा नसतो. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि दोन वर्षांनी भिंतीवर आकडे झळकत असतात, त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही. कारण डबी म्हातारी होते. लेझर मंदावतो, भिंगावर धूळ बसते, पंखा थकतो, पावसाळ्यात आत किडे घर करतात. एकाच पेटीत दोन संवेदक ठेवून त्यांची एकमेकांवर नजर ठेवण्याची युक्ती काही उत्पादक योजतात. दोहोंचे पटेनासे झाले म्हणजे निदान एक बिघडला, हे तरी कळते. दोन्ही एकाच चालीने बिघडले तर तेही कळत नाही. मग एकच उपाय राहतो. पाऊस संपून थंडी सुरू होण्यापूर्वी डब्या खांबांवरून उतरवावयाच्या, केंद्राच्या गच्चीवर पुन्हा ओळीने टांगावयाच्या, पंधरवडाभर संदर्भयंत्राच्या शेजारी चालू द्यावयाच्या, ज्या जुळत नाहीत त्या बाजूला काढावयाच्या, आणि उरलेल्यांवर तपासणीची तारीख लिहून त्या पुन्हा आपापल्या गावी धाडावयाच्या.